'नाताळ' आणि 'जात' : एका लॅटिन शब्दाचा अभ्यास

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत लॅटिन भाषा जाणणारा मनुष्य शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. तरी त्या भाषेंतील एक शब्द असा आहे कीं, तो कोयनेच्या खोऱ्यापासून जतच्या माळापर्यंत लहान मुलांच्याहि तोंडीं आहे. तो शब्द 'नाताळ' हा होय. आमच्या मंडळ्यांत तो दर वर्षीं उच्चारला जातो. ख्रिस्ती नसलेले शेजारीहि तो बोलतात. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आमच्याकडे आला कोठून, आणि आमच्या मराठी शब्दांशीं त्याचें कांहीं नातें आहे काय, असें कोणी विचारिल्यास पुष्कळांस उत्तर देतां येणार नाहीं. उपदेशक बंधूंस तरी तें देतां यावें, म्हणून या धड्यांत आम्ही त्या एका शब्दाचा माग काढणार आहों.

वाचकांनीं प्रारंभींच हें ध्यानांत ठेवावें कीं, हा अभ्यास केवळ शब्दांच्या मौजेचा नव्हे. या शब्दाच्या मुळाशीं गेल्यावर तेथें दुसरा एक शब्द आम्हांस बसलेला आढळेल. त्या शब्दानें आमच्या वाडवडिलांस गांवकुसाबाहेर ठेविलें. तो शब्द 'जात' हा होय.

१. मूळ शब्द व त्याचा अर्थ

लॅटिन ही रोमी लोकांची भाषा. प्रभूच्या वधस्तंभावर पिलातानें जो लेख लाविला तो तीन भाषांत होता, हें आमच्या वाचकांस योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायावरून ठाऊक आहे. त्यांतील एक भाषा ही लॅटिन होती. आज ती कोणाचीहि मातृभाषा नाहीं. परंतु जशी संस्कृतापासून प्राकृतांच्या द्वारें मराठी झाली, तशी लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज व फ्रेंच या भाषा झाल्या. म्हणजे ती भाषा मेली असें म्हणण्यापेक्षां ती आपल्या लेकींच्या घरीं राहते, असें म्हणणें अधिक खरें होईल.

या भाषेंत 'नास्की' म्हणजे जन्मणें, 'नातुस' म्हणजे जन्मलेला, आणि 'नातालिस' म्हणजे जन्मासंबंधींचा. 'दिएस' म्हणजे दिवस. म्हणून 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस. पुढें 'दिएस' हा शब्द गळाला व नुसतें 'नातालिस' म्हटलें तरी जन्मदिवस समजूं लागले. आमच्याकडे 'जयंती' हा शब्द जसा वापरतात, तसाच हा शब्द रोमी लोक वापरीत. ते बादशहांचे जन्मदिवस पाळीत. इतकेंच नव्हे, तर रोम शहराचाहि जन्मदिवस २१ एप्रिल रोजीं पाळीत.

ख्रिस्ती मंडळीनें हा शब्द घेतला आणि त्याचा अर्थ दोन दिशांनीं वाढविला. पहिली दिशा सर्वांस ठाऊक आहे. इ. स. ३५४ मध्यें रोम येथें तयार झालेल्या एका पंचांगांत २५ डिसेंबर या दिवशीं ख्रिस्त यहूदीयांतील बेथलेहेमांत जन्मला, असें नमूद केलेलें आढळतें, आणि तेथें 'जन्मला' या अर्थीं 'नातुस' हाच शब्द आहे. अशा रीतीनें सर्व जन्मदिवसांचें सामान्य नांव एकाच जन्मदिवसाचें विशेष नांव झालें.

दुसरी दिशा मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. छळाच्या काळांत जे साक्षी मारले गेले, त्यांच्या मृत्यूच्या दिवसासहि त्या मंडळ्या 'नातालिस' म्हणत. आम्ही ज्यास पुण्यतिथि म्हणूं, त्यास त्यांनीं जन्मदिवस म्हटलें. ज्या दिवशीं जगानें त्या मनुष्यास संपविलें, त्याच दिवशीं तो खऱ्या जीवनांत जन्मला, हा त्यांचा विश्वास होता. आणि तो त्यांनीं या एका शब्दांत सांठविला.

२. तो आमच्याकडे कोणत्या वाटेनें आला

लॅटिन बोलणारे लोक आमच्या देशांत वस्तीस आले नाहींत; त्या भाषेची लेक पोर्तुगीज आली. गोवें १५१० सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, चौल येथें ते १५२१ च्या सुमारास ठाणें करून बसले, आणि वसई १५३४ सालीं त्यांस मिळाली. त्यांच्या भाषेंत 'नातालिस' याचें 'नाताल' झालें होतें. तोच शब्द कोंकणच्या किनाऱ्यावर आमच्या लोकांनीं ऐकला, आणि तेथून तो घाट चढून देशावर आला.

वसई १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं घेतली. त्या वेळीं मराठ्यांची राजधानी सातारा होती आणि गादीवर शाहू छत्रपति होते. किल्ला गेला, पोर्तुगीज शिपाई गेले, परंतु त्यांचे शब्द मागें राहिले. घराची 'चावी', बाजारांतला 'पाव', महिन्याचा 'पगार' व मंडळीचा 'पाद्री' हे सर्व शब्द त्याच वाटेनें आले, आणि त्या प्रत्येकाचें मूळ लॅटिनमध्यें आहे. 'पाव' हा लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकर यापासून, 'चावी' ही 'क्लाविस' पासून, आणि 'पाद्री' हा 'पातेर' म्हणजे पिता यापासून निघाला.

शेवटच्या 'ल' चा 'ळ' कसा झाला, हेंहि पाहूं. परक्या शब्दास आपल्या बोलीचा पेहराव चढविण्याची ही मराठीची जुनी रीत आहे. 'हॉस्पिटल' या शब्दाचें आम्ही 'इस्पितळ' केलें, तसेंच 'नाताल' याचें 'नाताळ' केलें. हीं दोन्हीं उदाहरणें एकमेकांस फार जवळचीं आहेत. कारण 'हॉस्पिटल' हाहि लॅटिन शब्द असून त्याच्या शेवटीं 'नातालिस' या शब्दांत आहे तोच प्रत्यय आहे. 'होस्पेस' म्हणजे पाहुणा. म्हणून इस्पितळ म्हणजे मूळचें पाहुण्यांचें घर. १८९४ सालीं डॉक्टर वानलेस यांनीं मिरज येथें जें मिशनचें इस्पितळ उघडलें, त्याकडे ज्यांचे आजेपणजे बैलगाडींतून औषधपाण्यासाठीं गेले असतील, त्यांच्याहि तोंडीं नकळत लॅटिन शब्दच होता.

३. इतर देशांतील त्याचे भाऊबंद

हाच शब्द निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रूपानें राहतो. इटालियन लोक 'नाताले' म्हणतात. फ्रेंच लोकांचा 'नोएल' हा दिसण्यांत अगदीं वेगळा; परंतु तोहि 'नातालिस' याचाच झिजलेला अवशेष आहे. स्पॅनिश भाषेंत 'नाविदाद' म्हणतात. तो याच मुळाच्या दुसऱ्या एका शब्दापासून झाला. वेल्स देशांतील लोकांचा 'नादोलिग' हाहि याच घरचा. पूर्वेकडे पाहिल्यास कोंकणी लोक आमच्यासारखाच शब्द बोलतात, गुजराती लोक 'नाताल' म्हणतात, सिंहली लोक 'नत्तल' म्हणतात, आणि इंडोनेशियांतील ख्रिस्ती लोकहि 'नाताल' असेंच म्हणतात. इंग्रजी 'ख्रिसमस' मात्र या कुळांतील नव्हे. त्याचा अर्थ ख्रिस्ताच्या नांवें होणारी उपासना असा आहे.

हा शब्द नकाशावरहि जाऊन बसला आहे. १४९७ सालच्या नाताळाच्या सुमारास वास्को द गामा आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून हिंदुस्थानाकडे येत असतां त्याला जो किनारा दिसला, त्यास त्यानें 'नाताल' असें नांव दिलें. त्याच प्रांतांत १८६० पासून हिंदी मजूर करारानें बांधून नेण्यांत आले. गांधीजी १८९३ सालीं तेथें गेले आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं 'नाताल इंडियन काँग्रेस' स्थापिली. ज्या भूमीस जन्मोत्सवाचें नांव, त्याच भूमींत मनुष्याचे हक्क तो कोणत्या वंशांत जन्मला यावरून मोजले जात होते. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होईल.

४. त्याचें संस्कृत भावंड

आतां या धड्याचा मुख्य भाग आला. लॅटिन व संस्कृत या भाषा एकमेकींपासून हजारों कोसांवर वाढल्या. तरी त्या एकाच आईच्या पोटच्या बहिणी आहेत. हें प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें? १७८६ सालीं कलकत्ता येथें सर विल्यम जोन्स यांनीं दिलेल्या व्याख्यानामुळें ही गोष्ट जगभर प्रसिद्ध झाली, हें खरें. परंतु तिची चाहूल त्यापूर्वीं दोनशें वर्षें आमच्याच बाजूस लागली होती. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनीं गोव्याहून १५८३ सालीं आपल्या भावास पाठविलेल्या पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे असें लिहिलें. गोवें व कोचीन येथें राहिलेला फिलिप्पो सास्सेत्ती नांवाचा इटालियन व्यापारी यानेंहि १५८५ च्या सुमारास सहा, सात, आठ, नऊ हे आंकडे आणि देव, सर्प इत्यादि शब्द दोन्हींकडे सारखे आहेत, हें टिपून ठेविलें.

हें सारखेपण केवळ कानाला भासणारें नाहीं; त्याला नियम आहे. ज्या ठिकाणीं लॅटिनमध्यें 'ग' येतो, त्या ठिकाणीं कित्येक जुन्या शब्दांत संस्कृतांत 'ज' येतो. गुडघ्यास लॅटिनमध्यें 'गेनु' म्हणतात, संस्कृतांत 'जानु' म्हणतात. कूळ किंवा प्रकार या अर्थीं लॅटिन शब्द 'गेनुस', संस्कृत शब्द 'जनस्'. जाणलेला या अर्थीं जुना लॅटिन शब्द 'ग्नोतुस', संस्कृत शब्द 'ज्ञात'. पुढें लॅटिन बोलणाऱ्यांनीं शब्दारंभींचा 'ग' टाकून दिला व 'ग्नोतुस' याचें 'नोतुस' झालें. इंग्रजी शिकलेल्या मुलांनीं पाहावें कीं, गुडघा व जाणणें या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत आरंभीं 'के' हें अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. तें मुकें अक्षर या जुन्या ध्वनीचेंच थडगें आहे.

आतां हाच नियम आमच्या शब्दास लावून पाहूं. 'नातुस' याचें जुनें लॅटिन रूप 'ग्नातुस' असें होतें. 'ग' च्या जागीं 'ज' ठेवा, आणि शेवटचा लॅटिन प्रत्यय सोडून द्या. संस्कृतांत काय मिळतें? 'जात' मिळतें. 'ज्ञात' व 'नोतुस' हें जसें जोडपें, तसेंच 'जात' व 'नातुस' हें जोडपें आहे. दोहोंचा अर्थहि एकच: जन्मलेला. संस्कृतांतील 'जन्' हा धातु आणि लॅटिनमधील 'नास्की' हें क्रियापद हीं एकाच मुळापासून झालीं आहेत. त्याच मुळापासून आमचे जन्म, जन, जनक, जननी व प्रजा हे शब्द झाले. आणि पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकाचें 'जेनेसिस' म्हणजे उत्पत्ति हें ग्रीक नांवहि त्याच घरचें आहे.

म्हणजे नाताळ हा शब्द परका म्हणून कोणी हिणविल्यास त्यास सांगावें कीं, हा परका नव्हे. दूरदेशीं वाढून घरीं परत आलेला हा आमच्याच 'जन्म' शब्दाचा भाऊ आहे.

५. एक सावधगिरीची सूचना

येथें उपदेशक बंधूंस एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. दोन शब्द सारखे ऐकूं आले म्हणजे ते एकाच मुळाचे, असें समजूं नये. आमच्या घरांत दळण्याचें 'जातें' असतें. तें संस्कृत 'यंत्र' शब्दापासून झालें, त्याचा जन्माशीं संबंध नाहीं. 'तो शेतास जात आहे' यांतील 'जात' हें 'जाणें' या क्रियापदाचें रूप असून त्याचें मूळ 'या' हा धातु आहे. तसेंच 'नाताळ' हा शब्द 'नातें' यावरून निघालेला नाहीं. 'नातें' हें संस्कृत 'ज्ञाति' शब्दाच्या घरचें आहे, आणि नाताळ समुद्रावरून आला. 'ख्रिस्त' व 'कृष्ण' हीं नांवें एकच आहेत असेंहि कोठें कोठें ऐकूं येतें. पण 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ अभिषिक्त असा आहे, आणि 'कृष्ण' याचा अर्थ काळासांवळा असा आहे.

मग खरें नातें कसें ओळखावें? त्याला तीन कसोट्या आहेत. शब्दाचें जुनें रूप पाहावें. तोच ध्वनिबदल इतरहि शब्दांत नियमानें होतो कीं नाहीं हें पाहावें. आणि शब्द ज्या वाटेनें आला ती वाट इतिहासांत दाखवितां येते काय हें पाहावें. शंका आल्यास कोश पाहण्याची संवय ठेवावी. मराठी शब्दांच्या मुळांचा शोध घेणारा श्री. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ सालीं प्रसिद्ध झाला आहे. सत्याची बाजू घेऊन बोलणाऱ्यानें व्युत्पत्तींतहि खोटा साक्षीदार उभा करूं नये.

६. एका मुळाचीं कडू फळें

'जात' या शब्दांत मुळीं कांहींहि वाईट नव्हतें. नुकत्याच जन्मलेल्या बालकास आम्ही 'नवजात' म्हणतों. पुढें जन्मावरून प्रकार असा अर्थ झाला. आटपाडीकडच्या बाजारांत खिलार जातीचा बैल पाहतात, तासगांवचा बागाईतदार द्राक्षाच्या जाती निवडतो. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. परंतु तोच शब्द मनुष्यास लावला, आणि जन्म ही घटना न राहतां शिक्षा झाली. 'अग्रजन्मा' म्हणजे आधीं जन्मलेला, हें नांव ब्राह्मणास दिलें. 'अंत्यज' म्हणजे शेवटीं जन्मलेला, हें नांव आमच्या वाडवडिलांस दिलें. दोन्हीं नांवांत तोच 'जन्' धातु आहे.

यावरून आम्हीं असें समजूं नये कीं, हा दोष एकट्या आमच्या देशाचा आहे. लॅटिन बाजूसहि हेंच घडलें. 'नातुस' पासून 'नातिवुस' म्हणजे जन्मजात हा शब्द झाला. मध्ययुगांतील इंग्लंडांत जमीनदाराच्या जमिनीस जन्मतःच बांधलेल्या गुलामवजा कुळास कायद्याच्या लॅटिन भाषेंत हेंच नांव होतें. त्याच शब्दाचें इंग्रजी रूप 'नेटिव्ह'. इंग्रजांच्या राज्यांत पलटणीस, शाळांस व ख्रिस्ती मंडळ्यांसहि 'नेटिव्ह' हें विशेषण लावीत. अर्थ पाहिला तर नुसता 'येथें जन्मलेला' एवढाच. पण तें बोलणाराच्या सुरांत दुसरें कांहीं असे, आणि ऐकणारास तें बरोबर समजे. 'नेशन' म्हणजे राष्ट्र हा शब्दहि 'नातिओ' म्हणजे जन्म, एका जन्माचे लोक, यापासून झाला. त्याच्या नांवानें लोकांनीं प्राण दिले आहेत, आणि त्याच्याच नांवानें शेजाऱ्यांचे प्राण घेतलेहि आहेत.

या देवघेवीचा आणखी एक प्रकार पाहा. आम्ही पोर्तुगीजांपासून 'नाताळ' घेतला. पोर्तुगीजांनीं येथें जातिभेद पाहिला आणि त्यास आपल्या भाषेंतील 'कास्ता' म्हणजे वंश, कूळ, हें नांव दिलें. त्यावरून इंग्रजी 'कास्ट' शब्द झाला व तो जगभर गेला. त्यांच्या जहाजांनीं जन्मोत्सवाचें नांव आणिलें, आणि जन्मभेदाची बातमी परत नेली.

'जात' या दोन अक्षरांचें ओझें केवढें, हें आमच्याच जिल्ह्यांतील एका गोष्टीवरून कळेल. भीमराव आंबेडकर यांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झालें. पुढील वर्षीं ते घरच्या इतर मुलांबरोबर, नोकरीनिमित्त बाहेरगांवीं असलेल्या वडिलांस भेटण्यासाठीं आगगाडीनें निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. न्यावयास कोणी आलें नव्हतें. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनीं आपुलकीनें चौकशी केली. मुलांनीं आपली जात सांगितली, आणि त्यांची मुद्रा एकदम पालटली. गाडीवान गाडी जोडावयास तयार होईनात. शेवटीं दुप्पट भाडें देऊन व मुलांनीं स्वतः गाडी हांकावी अशा बोलीवर एक जण तयार झाला. वाटेंत त्यांच्याजवळ जेवण होतें, पण पाणी कोणी देईना. म्हणून तीं मुलें त्या रात्रीं उपाशींच निजलीं. ही हकीकत आंबेडकरांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे.

त्याच मुलाच्या नेतृत्वाखालीं पुढें ज्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, ती २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आली. तिचें १५ वें कलम पाहा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून राज्यानें कोणाहि नागरिकांत भेद करूं नये, असें तें सांगतें. या पांचांपैकीं जात व जन्मस्थान या दोन शब्दांत आमचा तोच धातु बसला आहे. मसूरच्या फलाटावर जो प्रश्न मुलांस विचारला गेला, त्यास हें कलम उत्तर आहे.

७. दुसरा जन्म

कायदा राज्याचे हात बांधतो; मनुष्याचें मन कोणी बांधावें? येथें शास्त्राकडे वळूं. योहानाच्या ३ ऱ्या अध्यायांत निकदेम प्रभूकडे रात्रीं येतो. तो परूशी होता, यहूद्यांचा अधिकारी होता. जन्मानें जें मिळावयाचें तें सर्व त्यास मिळालें होतें. त्यालाच प्रभु सांगतो कीं, मनुष्यानें नव्यानें जन्मलें पाहिजे. लॅटिन शास्त्रांत या ठिकाणीं 'रेनातुस' म्हणजे पुन्हा जन्मलेला हा शब्द आहे. तो 'नाताळ' याचा सख्खा भाऊ होय.

आमच्या देशांतहि दुसऱ्या जन्माची कल्पना जुनी आहे. 'द्विज' म्हणजे दोनदां जन्मलेला. परंतु मौंजीबंधनानें होणारा तो दुसरा जन्म ज्यास मिळावयाचा, त्याचा पहिला जन्म वरच्या तीन वर्णांत झालेला असावा लागे. म्हणजे दुसऱ्या जन्माचें दार पहिल्या जन्मानेंच बंद केलेलें होतें. निकदेमास सांगितलेला जन्म याच्या उलट आहे. तेथें पहिला जन्म उच्च असल्यानें काम होत नाहीं, आणि नीच मानला गेल्यानें अडत नाहीं. योहानाच्या पहिल्याच अध्यायांत ही गोष्ट सांगितली आहे कीं, देवाचीं मुलें रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून जन्मलेलीं नाहींत.

बेथलेहेमांतील जन्माचा प्रसंगहि याच दृष्टीनें वाचावा. बादशहाच्या हुकुमानें नांवनिशी चालली होती, आणि प्रत्येक जण आपापल्या कुळाच्या गांवीं जात होता. कुळाची व जन्माची मोजदाद चालू असतांच तें बालक गव्हाणींत ठेवण्यांत आलें. मत्तयानें दिलेली वंशावळीहि पाहा. तिच्यांत राहाब व रूथ या परजातीय स्त्रियांचीं नांवें आहेत. ज्यास शुद्ध वंशाचा अभिमान मिरवावयाचा आहे, तो अशीं नांवें लपवून ठेवतो. मत्तयानें तीं पहिल्याच पानावर लिहिलीं.

८. या धड्याचा उपयोग

आतां वाचकांनीं आपापल्या मंडळीकडे पाहावें. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक जुळवितांना 'मूळचे कोण?' असा प्रश्न दबक्या आवाजांत विचारला जात नाहीं काय? एके काळीं महारवाड्यांतून आलेले व मांगवाड्यांतून आलेले अशीं दोन कुटुंबें एकाच बांकावर बसतात, पण एकमेकांच्या घरीं मुलगी देतांना थबकतात, असें कोठें घडत नाहीं काय? नाताळाच्या जेवणाच्या पंगतींत कोण कोणाशेजारीं बसतो, हें पाहिल्यास कोणत्याहि मंडळीस स्वतःची परीक्षा घेतां येईल. ज्यांस मसूरच्या वाटेवर पाणी मिळालें नाहीं त्यांच्याविषयीं हळहळणें सोपें आहे. आपल्या माठाशीं कोण येतो हें पाहणें अवघड आहे.

शब्दाचें मूळ आमच्यावर सक्ति करीत नाहीं. 'जन्मलेला' या एकाच शब्दापासून रोमी लोकांनीं जयंती केली, इंग्लंडांतील जमीनदारांनीं वेठ केली, आमच्या समाजानें भिंत केली. आणि छळलेल्या मंडळीनें त्याच शब्दानें आपल्या मृतांस जिवंत म्हटलें. बीज एक, पीक पेरणाराच्या हातचें. म्हणून येत्या नाताळास उपदेशकांनीं या शब्दाचा अर्थ मंडळीस सांगावा: नाताळ म्हणजे जन्म, जात म्हणजेहि जन्म, आणि पहिल्याचा उत्सव करणारानें दुसऱ्याची चौकशी सोडून द्यावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) 'नातालिस' या शब्दाचा अर्थ काय? रोमी लोक तो कशास लावीत, व ख्रिस्ती मंडळीनें तो कोणत्या दोन प्रसंगांस लावला?

(२) हा शब्द मराठींत कोणत्या लोकांच्या द्वारें आला? त्याच वाटेनें आलेले आणखी तीन शब्द सांगा.

(३) 'ज्ञात' व 'जात' या दोन शब्दांवरून संस्कृत व लॅटिन यांचें नातें कसें दिसतें?

(४) 'जातें' हा शब्द 'जात' या शब्दाचा भाऊ कां नव्हे? खरें नातें ओळखण्याच्या तीन कसोट्या कोणत्या?

(५) 'नेटिव्ह', 'अंत्यज' व 'द्विज' या शब्दांत जन्माचा अर्थ कसा आला आहे?

(६) योहान १ व ३ हे अध्याय वाचा, आणि निकदेमाचा पहिला जन्म त्याच्या उपयोगीं कां पडला नाहीं, हें आपल्या शब्दांत सांगा.

(७) आपल्या मंडळींत जन्मावरून भेद कोठें उरला आहे? तो या वर्षीं मोडण्यासाठीं कोणती एक गोष्ट करतां येईल, हें सर्वांनीं मिळून ठरवा.